नाक दाबून की नाक लावून? व्हिस्कीच्या ग्लासाची आपल्याकडची गोष्ट

आजचा भाग ग्लासाबद्दल आहे. दारूचा विषय निघणारच, पण मुख्य पात्र ग्लास.

आधी एक सूचना. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात आणि व्हिस्की, रम वगैरे कडक मद्यासाठी २५. म्हणजे मतदान १८ला, मुलाचं लग्न २१ला आणि व्हिस्की थेट २५ला. तुम्ही पंचविशीच्या आतले असाल तर हा भाग निव्वळ इतिहास म्हणून ऐका. पुढे गुलाबपाण्याचा एक प्रयोग सांगणार आहे, तो मात्र कुणालाही करता येईल.

तर विषय असा. माझ्या वयाची आयटीतली मुलं-मुली दोन-तीन पगारवाढी झाल्या की कधीतरी एखादी सिंगल माल्टची बाटली घेतात. बाटली चांगली चार-पाच हजारांची. घरी आणल्यावर प्रश्न पडतो, ओतायची कशात? डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये काय काय असतं? पाण्याचे सरळ उभे ग्लास, कटिंग चहाचे छोटे ग्लास आणि स्टीलचे पेले. इंटरनेटवर शोधलं की सगळे सांगतात, ग्लेनकेर्न नावाचा ग्लास घ्या. खाली फुगीर, वर निमुळता, बुटक्या पायाचा. तो घरी आला की आई विचारते, ही एवढीशी फुलदाणी कशाला आणलीस?

उत्तर दोन वाक्यांत देता येतं, ते देऊनच टाकतो. व्हिस्की नुसती किंवा चार थेंब पाणी घालून घुटके घेत प्यायची असेल तर निमुळत्या तोंडाचा छोटा ग्लास. बर्फ-सोडा घालून प्यायची असेल तर सरळ उभा ग्लास, त्यात कमीपणा काही नाही.

पण मला दुसराच प्रश्न पडला. आपल्या ठाणे-कल्याण पट्ट्यात लोक काही काल-परवा प्यायला लागलेले नाहीत. मग वास घेत, वेळ लावत पिण्याचं भांडं आपल्याकडे का रुळलं नाही? उभा ग्लास, घाईचा घोट आणि वर ओतलेला सोडा हेच आपलं डिफॉल्ट सेटिंग कसं झालं? मी इतिहासकार नाही, दिवसभर कोड लिहितो. पण थोडं वाचल्यावर माझं मत असं झालंय की आपला ग्लास जिभेपेक्षा कायद्यानेच जास्त ठरवलाय.

सुरुवात काचेच्या आधीपासून करू. जुना ठाणे जिल्हा म्हणजे आत्ताचे ठाणे आणि पालघर मिळून. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ला. या जिल्ह्यात डोंगराकडे मोह आणि किनाऱ्याकडे ताड-माड. शहापूर, मुरबाड, जव्हारकडचे वारली, ठाकूर, कातकरी लोक मोहाची फुलं वेचायचे आणि वाळवून ठेवायचे. त्यातली काही खाण्यात जायची, काही आंबवून त्यांची दारू काढली जायची. लग्न, देवाचं कार्य, मर्तिक, आलागेला पाहुणा, सगळीकडे ती लागायची. प्यायला पळसाच्या पानाचा द्रोण नाहीतर करवंटी. मला यात फार रम्य चित्र रंगवायचं नाही. दारूने घरं तेव्हाही बुडत असणार. पण एक गोष्ट लक्षात घ्या. फूल आपल्या रानातलं, भट्टी आपल्या अंगणातली आणि भांडं आपल्या हातातलं होतं. किती आणि किती वेळ प्यायची, हे पिणारे आणि त्यांच्या घरातली माणसं ठरवत होती.

इंग्रज सरकारला यातून महसूल हवा होता. १८७८मध्ये मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला. घरी दारू काढणं गुन्हा झाला. दारू निघणार ती परवान्याच्या भट्टीत आणि विकली जाणार ती परवान्याच्या दुकानात. मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या उरणला होत्या, त्यातल्या बऱ्याच पारशी मालकांच्या. ताडीच्या झाडांवर झाडामागे कर बसला. ताडी काढणं हा तर भंडारी समाजाचा पिढीजात धंदा, त्यामुळे १८८०च्या दशकात ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत या करांवरून बरीच ओरड झाली. तरीही रानातल्या चुली काही विझेनात. मग १८९२मध्ये सरकारने खास मोहाच्या फुलांसाठी वेगळा कायदा केला, तोही ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांकडे बघून. फुलं साठवायची नाहीत, न्यायची नाहीत, विकायची नाहीत, जे काही करायचं ते सरकारच्या मर्जीने. दारू तर आधीच पकडली होती, आता झाडावरून आपोआप गळणारं फूलही पकडलं.

याचा ग्लासाशी संबंध काय? पिणं घरातून उठलं आणि गुत्त्यावर गेलं, हा संबंध. गुत्त्यावर माप दुकानदाराचं, भांडं दुकानदाराचं आणि वेळही त्याचीच. गिऱ्हाईक लवकर उठलं तर पुढचं गिऱ्हाईक बसणार. तिथे भांड्याकडून एवढीच अपेक्षा असते की ते फुटू नये आणि पटकन विसळता यावं.

त्याच काळात साहेबाचा ग्लास वेगळ्या वाटेने येत होता, अक्षरशः रुळांवरून. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि १ मे १८५४ला कल्याणपर्यंतचा मार्ग सुरू झाला. पण तेव्हाचा साहेब व्हिस्कीवाला नव्हता. तो प्यायचा ब्रँडी, पाणी घालून. त्याला ‘ब्रँडी-पानी’ म्हणायचे. १८८६मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश निघाला, त्यात हा शब्द आहे आणि आपला ‘पेग’सुद्धा आहे. १८६०नंतर फ्रान्सच्या द्राक्षबागांना फायलॉक्सेरा नावाच्या किडीने पोखरलं, ब्रँडीचा तुटवडा झाला आणि तिची जागा हळूहळू स्कॉच व्हिस्कीने घेतली. ब्रँडी गेली, पण वर काहीतरी ओतायची सवय राहिली. पाण्याच्या जागी सोडा आला.

त्याच्या जोडीला बर्फ. १८३०च्या दशकात मुंबईत बर्फ यायचा तो अमेरिकेतून, बोस्टनकडच्या तळ्यांतला, जहाजाने. विचार करा, लाकडाच्या भुश्यात गुंडाळलेला तो बर्फ महिनोन् महिने समुद्रात, आणि आपल्याकडे आज झोमॅटोवाला वीस मिनिटं उशिरा आला तर आपण रेटिंग कापतो. असो. मुद्दा असा की घामाघूम हवेत साहेबाला लांबलचक, थंडगार, फेसाळतं पेय हवं होतं. त्यासाठी उंच आणि रुंद तोंडाचा सरळ ग्लास एकदम बरोबर. बर्फाचे तुकडे आत जातात, सोडा उसळला तरी सांडत नाही. वासाचं काय? थंड पेयाचा वास तसाही कमी येतो. साहेबाला इथे गारवा हवा होता, सुगंध तो स्कॉटलंडला जाऊन घेणार होता. आणि आपण उचलला तो त्याचा इथला ग्लास.

आता काचेकडे येऊ, कारण इथे एक मजेदार योग आहे. कल्याणहून कर्जतमार्गे पुण्याला जाताना लोणावळ्यापुढे तळेगाव लागतं. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून ‘पैसा फंड’ उभा केला. त्याला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. त्या पैशातून १९०८मध्ये तळेगावला काच कारखाना सुरू झाला. जपानला जाऊन काचेचं तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. इथे शिकून गेलेल्या लोकांनी पुढे देशात ठिकठिकाणी काचेचे कारखाने काढले. परदेशी चिमण्या, बाटल्या, ग्लास यांच्याऐवजी देशी काच, हा हेतू.

आणि त्याच १९०८मध्ये पुण्यात टिळकांच्या अनुयायांनी काय सुरू केलं होतं? दारूच्या दुकानांसमोर निदर्शनं. स्वयंसेवक दुकानाबाहेर उभे राहून गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवत. म्हणजे काचेचा ग्लास स्वदेशी व्हावा आणि तो दारूने भरला जाऊ नये, या दोन्ही इच्छा एकाच वर्षी, एकाच मंडळींच्या. यात विसंगती नाही. दारूचा महसूल सरकारच्या तिजोरीत जात होता, म्हणून दारू सोडणं हेही स्वदेशीच होतं. पण त्यामुळे झालं असं की देशी काचेने कंदिलाच्या काचा केल्या, बरण्या केल्या, पाण्याचे ग्लास केले. १९१६ला कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले काच कारखाना निघाला, त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील तर घराघरात गेला. मद्यासाठी म्हणून एखादा खास ग्लास घडवावा हे त्या काळच्या मराठी कारखानदाराच्या मनात येणंच कठीण होतं. काच ही देशसेवा होती हो!

मराठीतला सर्वात प्रसिद्ध प्याला मात्र याच काळातला आहे. ठाण्यात तलावपाळीवर मासुंदा तलावाच्या काठी ज्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे, त्या राम गणेश गडकरींचा ‘एकच प्याला’. गडकरी जानेवारी १९१९मध्ये वारले आणि त्यानंतर लगेच गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगमंचावर आणलं. सुधाकर हा हुशार वकील, तळीराम त्याला प्यायला लावतो आणि सुधाकर, सिंधू, सगळं घर रसातळाला जातं. शंभर वर्षांनंतरही मराठी घरात कुणी ग्लास हातात घेतला की कुणीतरी ‘तळीराम’ म्हणतंच. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या घरी ग्लास म्हणजे आकार, पाय, काठ. आपल्याकडे प्याला म्हणजे पहिली पायरी, आणि ती घसरती. हे नाटक थोर आहेच. पण त्याने प्याल्याकडे वस्तू म्हणून बघायची सोय आपल्याला ठेवली नाही.

आता या सगळ्यातला सर्वात मोठा तुकडा, दारूबंदी. १९३७ला मुंबई प्रांतात काँग्रेसचं बाळासाहेब खेर यांचं मंत्रिमंडळ आलं. अबकारी खातं होतं डॉ. गिल्डर यांच्याकडे, स्वतः पारशी. १ ऑगस्ट १९३९ला मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली, पण युद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि ती ढेपाळली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५०पासून अख्ख्या मुंबई राज्यात पूर्ण बंदी आली. त्याविरुद्ध एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ कोर्टात गेले होते. व्हिस्कीपासून ओ-द-कलोनपर्यंत सगळं बाळगण्याचा आपला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा बहुतेक भाग टिकवला, पण औषधी आणि प्रसाधनाच्या अल्कोहोलयुक्त वस्तूंवरची बंदी रद्द केली. व्हिस्की गेली, ओ-द-कलोन राहिलं.

ज्यांना प्यायचीच होती त्यांच्यासाठी दोन रस्ते उरले. पहिला, परमिट. तब्येतीसाठी दारू आवश्यक आहे असं वैद्यकीय प्रमाणपत्र आणा, वय चाळिशीच्या पुढे असू द्या, मग महिन्याचे ठरावीक युनिट. म्हणजे कागदोपत्री तुम्ही शौकीन नाही, रुग्ण. परमिट असलेल्याने बसून प्यायची जागा ती ‘परमिट रूम’. आज स्टेशनबाहेर लाल-निळ्या दिव्यांत ‘परमिट रूम व बिअर बार’ अशी पाटी दिसते ना, तिचं मूळ हे.

दुसरा रस्ता, हातभट्टी. काळा गूळ, नवसागर, आणि पत्र्याचे पिंप. आपल्या भागात त्यासाठी खाडी आयती होती. दिवा-मुंब्र्याच्या बाजूच्या तिवरांत लपलेल्या भट्ट्यांवर आजही होडीने जाऊन धाडी घालाव्या लागतात. माल शहरात यायचा तो रबरी ट्यूबमधून, फुगे-ब्लॅडरमधून. आणि प्यायची कशी? अड्ड्यावर, उभ्या उभ्या, बाहेर कुणीतरी लक्ष ठेवून. छोटा ग्लास, एक घोट, वर मिठाची चिमूट किंवा उकडलेलं अंडं, आणि चालू पडायचं. वास एवढा उग्र की लोक अक्षरशः नाक दाबून प्यायचे.

माझ्या मते आपल्या ग्लासाची सगळी गोष्ट या एका कृतीत आहे. ग्लेनकेर्नसारखा ग्लास बनवला जातो तो नाक लावण्यासाठी. आपण पिढ्यान् पिढ्या शिकलो ते नाक दाबायला. जिथे पोलिसाची भीती आहे, भेसळीची भीती आहे, घरच्यांना वास येईल ही भीती आहे, तिथे वास हा शत्रूच असणार. वास लपवायचा असतो. बडीशेप, पान, वेलची हे सगळं कशासाठी असतं?

आणि भेसळीची भीती काल्पनिक नव्हती. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. तीही सगळी गरीब वस्तीतली. चांगल्या-वाईट ग्लासाच्या गप्पा मारताना हे विसरता येत नाही. तसंच दुसरी बाजूही विसरता येत नाही. गावातलं दुकान बंद करायचं की नाही, यावर आपल्याकडे गुप्त मतदान होतं आणि चिन्हं असतात उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. ‘बाटली आडवी करणं’ हा वाक्प्रचार जगात दुसरीकडे कुठे असेल असं मला वाटत नाही. त्या बायकांना ग्लासाचा आकार शिकवायला जाणारा मी कोण? त्यांनी ग्लास हातात असणारा माणूस बघितलाय.

१९६०च्या दशकात, वसंतराव नाईकांच्या काळात, बंदी सैल होत गेली. पण कायदा गेला नाही! आज त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे आणि नियमाप्रमाणे प्यायला अजूनही परवाना लागतो. विदेशी मद्याचा एक दिवसाचा परवाना पाच रुपये, देशीचा दोन रुपये, वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार. आमच्या क्षेत्रात याला लीगसी कोड म्हणतात. काय करतो हे कुणालाच धड माहीत नसतं, पण डिलीट करायची कुणाची हिंमत नसते.

बंदी सैल झाल्यावर आलं ते ‘भारतीय बनावटीचं विदेशी मद्य’. हे नाव ज्याने ठेवलं त्याला माझा दंडवत. यातली स्वस्त व्हिस्की मुख्यतः उसाच्या मळीपासून काढलेल्या स्पिरिटवर उभी असते. महाराष्ट्र म्हणजे साखर कारखान्यांचं राज्य, मळीला तोटा नाही. युरोपात व्हिस्की म्हणवून घ्यायचं तर ती धान्याची हवी आणि किमान तीन वर्षं लाकडी पिंपात मुरलेली हवी, त्यामुळे आपली मळीची व्हिस्की तिथे त्या नावाने विकता येत नाही. आता हे मद्य निमुळत्या ग्लासात ओतून नाक लावा. काय येईल? स्पिरिटचा झटका. म्हणून त्यावर बर्फ, सोडा, थम्स अप. परमिट रूममधला उभा ग्लास हा अडाणीपणा नाही. त्यात जे ओतलं जातं त्याला तो अगदी योग्य ग्लास आहे. ३० चा स्मॉल, ६० चा लार्ज, नाहीतर १८०ची क्वार्टर मांडून दोघांत, आणि सोबत चकणा. मापं ठरलेली, भाव ठरलेले. वास कुणी मागितलेलाच नव्हता.

मग बदललं काय? दोन गोष्टी जवळजवळ एकदम झाल्या. स्कॉटलंडमध्ये रेमंड डेव्हिडसन यांच्या ग्लेनकेर्न कंपनीने २००१मध्ये तो ग्लास बाजारात आणला. त्याआधी खुद्द स्कॉटलंडमध्येही व्हिस्कीचा असा एक ठरलेला ग्लास नव्हता; मिश्रण करणारे जाणकार शेरी वाइनचा ‘कोपिता’ नावाचा पेला वास घ्यायला वापरत आणि बाकी जनता जाड बुडाच्या ग्लासातून पीत असे. म्हणजे आपण ज्याला परंपरा समजून दबकतो, ती आपल्यापैकी बऱ्याच जणांपेक्षा वयाने लहान आहे. आणि २००४मध्ये बंगळूरच्या ‘अमृत’ने आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोमध्ये जाऊन विकायला काढली. २०१०च्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये जिम मरी यांनी ‘अमृत फ्यूजन’ला जगात तिसरा क्रमांक दिला. २०१२मध्ये गोव्याहून ‘पॉल जॉन’ आली. आपल्याकडच्या उष्ण हवेत पिंपातलं मद्य भराभर उडतं, स्कॉटलंडमध्ये वर्षाला सुमारे २ टक्के तर इथे १० टक्क्यांच्या आसपास, पण त्याच उष्णतेने ते लवकर मुरतंही. पहिल्यांदाच असं देशी मद्य आलं ज्याचा वास लपवण्यापेक्षा घेण्यात अर्थ होता. तेव्हा कुठे ग्लासाचा प्रश्न आपल्यासाठी खरा झाला.

आता हा ग्लास काम कसं करतो ते सांगतो. खालच्या फुगीर भागात मद्याला हवा लागते, त्यातले सुगंधी रेणू वर येतात आणि निमुळत्या गळ्यात एकवटतात. पसरट तोंडाच्या ग्लासातून ते सरळ उडून जातात. २०१५मध्ये टोकियोच्या मेडिकल अँड डेंटल युनिव्हर्सिटीत कोजी मित्सुबायाशी यांच्या गटाने अल्कोहोलची वाफ दिसेल असा कॅमेराच बनवला. वाइनच्या ग्लासात १३ अंशांवर अल्कोहोलची वाफ काठाजवळ कड्यासारखी जमली आणि मधला भाग त्या मानाने मोकळा राहिला. सरळ ग्लासात असं कडं दिसलं नाही. प्रयोग वाइनवर होता, व्हिस्कीवर नाही, पण आकाराने फरक पडतो हे डोळ्यांना दिसलं. पाण्याचंही तसंच. २०१७मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या दोघा संशोधकांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून दाखवलं की व्हिस्की पातळ केली की धुराच्या चवीचा ग्वायाकॉल हा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो. म्हणजे चार थेंब पाणी घालणारे काका बरोबरच होते. ग्लास भरून घालणारे काका, त्यांच्याबद्दल नंतर बोलू.

गुलाबपाण्याचा प्रयोग असा. एक कटिंगचा ग्लास घ्या आणि एक वाइनचा छोटा ग्लास किंवा निमुळत्या तोंडाची कुठलीही काचेची बरणी. दोन्हीत एकेक चमचा गुलाबपाणी, हलकेच फिरवा, मिनिटभर थांबा आणि आलटून पालटून वास घ्या. कटिंगच्या ग्लासाचं तोंड बाहेर उघडत जातं, चहासाठी ते उत्तम, लवकर निवतो. फरक तुमचा तुम्हाला कळेल.

हे पटलं तर व्हिस्कीसाठी महागडा ग्लास घ्यायलाच हवा असं नाही. वाइनचा छोटा ग्लास चालतो. ब्रँडीचा तो मोठा फुग्यासारखा नको, त्यात अल्कोहोलच नाकात जातं. ३० मिलीच्या आसपास ओता, फुगीर भागाच्या वर जाऊ देऊ नका. नाक आत खुपसायचं नाही, काठापासून थोडं लांब ठेवायचं आणि तोंड किंचित उघडं. बर्फ आधी नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ग्लास कपाटात पालथा घालून ठेवत असाल तर वापरण्याआधी नुसत्या पाण्याने धुवा. नाहीतर पाच हजारांच्या माल्टला कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास येतो. आणखी एक, जे माझ्या दृष्टीने या ग्लासाचं खरं वैशिष्ट्य आहे: त्यात भराभर पिताच येत नाही. ३० मिलीला सहज अर्धा तास जातो. किती प्यालो याचा हिशेब राहतो.

जाता जाता परत जुन्या ठाणे जिल्ह्यात. डहाणूला साउथ सीज ही पारशी कुटुंबाची डिस्टिलरी आहे. २०१४पर्यंत डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं. ते तिथे सिंगल माल्ट बनवतात आणि आता मोहाच्या फुलांचं मद्यही देखण्या बाटलीत भरतात. २००९ला गोव्याच्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, गोव्याने ती आपली म्हणून मिरवली. मोहाच्या वाट्याला आपल्याकडे अशी मिरवणूक आलेली नाही. २०२१मध्ये महाराष्ट्र सरकारने मोहाची फुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे आणि नेण्यावरचे निर्बंध उठवले. फूल मोकळं झालं. त्याची दारू घरी काढणं मात्र १८७८प्रमाणे आजही गुन्हाच आहे. त्यामुळे मार्च-एप्रिलच्या पहाटे शहापूर-मुरबाडच्या रानात जी बाई टोपली घेऊन फुलं वेचते, तिला ती किलोवर विकता येतात. त्यांच्यापासून तिच्या आजीच्या हातची दारू काढली तर पोलीस येतात. आणि त्याच फुलाचं बाटलीबंद मद्य ठाण्या-मुंबईतला कुणी निमुळत्या ग्लासात ओतून, नाक लावून, डोळे मिटून म्हणतो, व्वा, काय वास आहे.

पुढच्या भागात गोटी सोड्याच्या बाटलीबद्दल. भेटू.